दोन सूत आत

"बाहेर ये! आधी बाहेर ये म्हणतो न्हवं! कोण हाय खाली? आरं मल्लेश, पायात तोरड्या दिसत्यात! तुज्या मोटारीखाली पोरगी घुसलीय का काय?"

दौलत मिस्त्रीचा आवाज असा होता, की तो भवानी पेठेत ओरडला तर स्टेशनातला गार्ड शिटी झाली समजून गाडी सोडायचा. असं माझा मल्लेशमामा सांगायचा, आणि खोटं बोलण्यात मामा माझा गुरू, तेव्हा निम्मं धरा. मी त्या वेळी आमच्या दारातच, मामाच्या मोटारीच्या पुढच्या अंगाखाली उताणी पडले होते. दोन्ही हात वर, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला लागलेले. दातांत एक खीळ धरलेली, कारण ती खाली ठेवली की कोंबडी पळवायची, आणि दोन खिळी त्या कोंबडीच्या पोटात आधीच गेलेल्या होत्या. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मी पाय हलवून जबाब दिला. तोरड्या छुमछुम वाजल्या. मिस्त्री दोन पावलं मागं सरकला, हे मला मोटारीखालून त्याच्या वहाणांवरून दिसलं.

मग मी बाहेर आले. सोळा वर्षांची पोरगी, लुगड्याचा काचा मारलेला, तोंड तव्याच्या बुडासारखं आणि केसांत एरंडेल. मिस्त्रीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मामाकडं वळून हसला. "ही करणार व्हय दुरुस्ती? ज्या पुढच्या सांगाड्याला मी हात जोडले, तो ही हातानं उभा करणार? आगं ए नरसव्वा, मोटार म्हंजी काय कांड्या भरायचा रहाट न्हवं. पुढची चाकं पुढून दोन सूत आत लागत्यात, येवढं तरी ठावं हाय का तुला?"

मी दातांतली खीळ काढली. "दोनच? लागली तर चार लावू की. सूत आमच्या घरात गाडीभर पडलंय."

दौलत मिस्त्रीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं, आणि मग लाडवाचा डबा उघडा सापडल्यासारखं त्याचं तोंड झालं. "लाव," म्हणाला, "लाव बाई. दोनच लाव, ज्यास्ती नको." आणि गेला. मला वाटलं, मी त्याला गप्प केलं. आळीतल्या सगळ्या बायकांना मी तसं सांगितलंसुद्धा.

आता मोटार आमच्या दारात का होती, ते सांगते. मल्लेशमामा म्हणजे माझ्या अम्माचा धाकटा भाऊ. आम्ही साळी, घरात तेलुगू, दारात मराठी, आणि टांगेवाल्याशी भांडायचं असलं तर दख्खनी. हातमागावर बसायचं म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा असतो, त्यात पाय सोडायचे आणि दिवसभर पायांनी पावड्या दाबायच्या. मामा त्या खड्ड्यात दहा वर्षं बसला. एक दिवस आडवं सूत नेणारा धोटा भिंतीवर फेकून उठला आणि नायनाला, म्हणजे माझ्या वडलांना म्हणाला, "दाजी, मेल्यावर खड्ड्यातच जायचंय की. आत्तापास्नं कशाला सराव?" त्यानंतर तो दोन वर्षं कुणाकुणाच्या मोटारी पुसत हिंडला, आणि शेवटी एक अमेरिकन मोटार घेऊन आला. ती किती हात फिरून आली होती ते तिलाच माहीत. छप्पर कापडी, त्याला आमच्याच लुगड्यांच्या तुकड्यांची ठिगळं, त्यामुळं पुढून मोटार आणि मागून जोगवा मागायला निघालेली बाई दिसायची. सोलापूर ते वैराग अशी ती उतारू नेई. आत सहा माणसं बसावीत असं कुठंतरी लिहिलेलं होतं, पण मामाला वाचता येत नव्हतं. मी स्वतः तिच्यातून एकवीस माणसं, दोन शेळ्या आणि एक नवरदेव उतरताना मोजलेत.

अशा वजनानं वैरागच्या रस्त्यावरच्या एका ओढ्यात पुढच्या कमानीचं मोठं पान मोडलं. कमान म्हणजे पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून केलेली स्प्रिंग, टांग्याला असते तशीच, फक्त मोटारीला पुढून आडवी. पान मोडलं, दांडा वाकला, आणि चाकं ज्या पिनांवर वळतात त्या पिना आधीच झिजलेल्या. मामानं कमानीला दोर गुंडाळला आणि मोटार तशीच चालवली. तिचं एक चाक बार्शीला निघायचं, दुसरं तुळजापूरला. दोघांची समजूत घालत घालत मामा सोलापूरपर्यंत आला, आणि भर नव्या पेठेत चाकांनी मामाचं ऐकणं सोडलं. मोटार सरळ कासाराच्या दुकानात शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दुकानात हात पुढं करून फौजदारसाहेबांच्या बाईसाहेब बसल्या होत्या. हिरवा चुडा अर्धा भरून झालेला. कासार एकीकडं पळाला, बांगड्या दुसरीकडं, आणि बाईसाहेब एका हातात चुडा आणि एक हात मोकळा अशा घरी गेल्या. आता सवाष्ण बाई अर्धा चुडा घालून घरी आली तर फौजदाराला काय वाटेल? त्यानं मामाला बोलावून सांगितलं, की आठ दिवसांनी मोटार पोलीस मैदानावर आण. चुन्याची रेघ मारून ठेवतो. रेघेवर मोटार पळवायची आणि हात सोडायचे. शंभर पावलं सरळ गेली तर परवाना, नाहीतर रस्ता बंद.

दौलत मिस्त्रीनं मोटार पाहिली आणि निकाल दिला, की पुढचा सांगाडा मेला, इंजिन तेवढं जिवंत आहे. ते काढून वैरागकडच्या एका मळ्यात विहिरीवर पाणी उपसायला लावू, बाकीचं भंगारात. म्हणजे मोटार विहिरीवर आणि मामा परत खड्ड्यात. नायनानं मामासाठी खड्डा झाडून ठेवला होता, त्यात अम्मानं चटईसुद्धा टाकली. मामा त्या चटईकडं बघत जेवायचा. कडक भाकरी मोडून चिंचेच्या चारूत बुडवायची, वर शेंगाचटणी. एरवी पाच भाकऱ्या खाणारा मामा त्या दिवशी एक भाकरी हातात घेऊन बसला आणि ती भिजून ताटात पडली तरी त्याला कळलं नाही. मी ते पाहिलं आणि म्हणाले, "मी बघते मोटार."

नायना मागावर होता. खटक-खट, खटक-खट चाललं होतं, ते थांबलं. आमच्या आळीत पंचवीस घरांत माग होते. एक थांबला तर ऐकू येऊ नये, पण मला नायनाचा माग थांबलेला झोपेतही कळायचा. आता त्या आळीत रिक्षांचे भोंगे ऐकू येतात आणि माझे कान बरेच गेलेत, तरी कधीकधी दुपारी मला वाटतं, नायनाचा माग थांबला.

"तुला काय कळतं मोटारीतलं?" नायना म्हणाला.

"मागातलं कळतं की."

"मोटार म्हंजी माग न्हवं."

"दोन रूळ, मधी दांडे, आनि सगळं एका ओळीत पायजे. मग काय हाय? निजलेला मागच की."

नायनाची नजर अधू झाली होती आणि दोन वर्षं त्याचा माग मीच जुळवत होते. पुढचा रूळ मागच्या रुळाशी केसभर तिरका असला तर लुगडं एका काठाला चोळीसारखं आवळतं. तो तिरकेपणा मी आवाजावरून सांगायची. आळीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, ह्या पोरीला नवऱ्याच्या घरी पाठवू नका, सासूची वाकडी चाल पहिल्याच दिवशी ओळखंल.

तर त्या दिवसापासून आमचं दार म्हणजे कारखाना झाला. मोडक्या मागाचं लाकूड मोटारीच्या पोटात घातलं, खाली जात्याची तळी ठेवली, दुसऱ्या टोकाला अम्मा, मामा आणि शेजारच्या तीन बायका लोंबकळल्या, आणि मोटारीनं पुढचे दोन्ही पाय उचलले. जात्याची तळी मोटारीखाली, म्हणून चार दिवस आम्ही शेजारच्या जात्यावर दळलं. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर खडखड वाजलं, म्हातारीच्या हलत्या दातांसारखं. पिन काढली. ती ज्या नळीत बसते ती नळी आतून झिजून लंबोळी झाली होती. नवी नळी पुण्याहून यायला महिना. मी अम्माचा पितळी पेला घेतला, पत्रा कापला, गुंडाळी करून नळीत बसवली, पिन ठोकली. खडखड गेली. अम्मानं पेला शोधला तेव्हा मी म्हणाले, "मोटारीत हाय." ती म्हणाली, "मग आण जा." मी म्हणाले, "आता तो वैरागला जाऊन येऊन ऱ्हाणार." अम्मानं त्यानंतर माझी पाण्याची तहान आठ दिवस ओंजळीवर भागवली. एरंडेल मात्र तिनं आपण होऊन दिलं, मोठी बाटली. आळीतल्या बारक्या पोरांना दर शनिवारी जुलाबाला द्यायचं एरंडेल ते. ते सगळं मोटारीनं प्यायलं, आणि त्या शनिवारी पोरं मोटारीच्या पाया पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कमानीच्या मोडक्या पानाच्या जागी घालायला एक पान मोडीत निघालेल्या टांग्यातून मिळालं. ते सपाट होतं. आळीच्या टोकाच्या गणू लोहाराच्या भट्टीत ते लाल केलं, जुन्या पानावर ठेवून बाक दिला, आणि गणूनं ते तेलात बुडवलं तेव्हा जो धूर झाला त्यानं गणूची म्हातारी आई आतून ओरडली, "कोन मेलं रं?" वाकडा दांडाही तिथंच सरळ झाला. गणू फार बोलत नसे. मी काय करतेय ते त्यानं एकदाही विचारलं नाही, फक्त घण माझ्या हातात देताना दांडा माझ्या बाजूला करून दिला. मिस्त्री म्हणतात ते असल्या माणसाला म्हणावं. पण गणू मोटारीला हात लावायला तयार नव्हता. घोडा आणि मोटार या दोन गोष्टींना तो भ्यायचा.

आता राहिली चाकं जुळवायची. परवा माझ्या नातवानं त्याची गाडी कुठल्याशा दुकानात नेली, मी हौसेनं बरोबर गेले. चाकांना आरसे लावले, भिंतीवर तांबडे-हिरवे आकडे उमटले, आणि टोपीवाल्या पोरानं मला आजी म्हणून समजावलं, "याला अलाइनमेंट म्हणतात." मी म्हणाले, "असं का? नवीनच निघालं म्हणायचं." आमच्याकडं आरसे नव्हते, पण सूत होतं. आळीत बायका रोज ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, ताणतात, या टोकाच्या खुंटापासून त्या टोकाच्या खुंटापर्यंत, शेदीडशे हात, आणि त्यावर कुंच्यानं खळ लावतात. त्यात एक धागा ढिला पडला तर चालत्या बाईला दिसतो. मी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सूत ताणलं, पुढची चाकं सुताला लावली. मग आतून मापायचं: दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन सूत कमी. मिस्त्रीनंच सांगितलं होतं.

पण कुठल्या नंबरचं सूत?

इथं सगळी आळी गोळा झाली. सूत म्हटल्यावर आमच्या आळीत गप्प कोण बसणार? नायना मागावरून उठून आला, जे तो देवाच्या पालखीलाही करत नसे. "सूत म्हंजी चाळीस नंबरी," तो म्हणाला. "लुगड्याला चाळीसच लागतं." शेजारचा म्हणाला, "ही काय लुगडं हाय? मोटार जड. जडाला वीस नंबरी." कुणी म्हणालं, दुपदरी. कुणी म्हणालं, अमेरिकन मोटार आहे, तिला विलायती सूत लागंल. आणि एका म्हातारीनं विचारलं, खळ लावलेलं का बिनखळीचं, कारण खळीनं सूत फुगतं. तासभर वाद झाला. शेवटी वीस नंबरी, खळीचं, हे ठरलं. मी दोन धागे शेजारी शेजारी ठेवले, डोळे बारीक केले, आणि दांड्याच्या टोकाची चकती एवढी एवढीशी फिरवत, देवाला नैवेद्य दाखवावा तशी, पुढून दोन सूत कमी केलं. केसाच्या जाडीचं काम. आजही सांगते, सोलापुरात एवढं बारीक काम कुठल्या मोटारीवर झालं नाही. नायना चाकांमध्ये डोकं घालून म्हणाला, "बरोबर." त्याच्या तोंडून हा शब्द मी तोवर फक्त मरून गेलेल्या विणकरांच्या विणीबद्दल ऐकला होता.

सातव्या दिवशी सकाळी मामानं मोटार चालू केली. आळीनं नारळ फोडला. मोटार निघाली, वीस पावलं सरळ गेली, आणि मग तिला शेळी दिसली. ती शेळीकडं गेली. मामानं तिला ओढलं तर तिला हौद आवडला. हौदाकडून ओढलं तर ती डावीकडं रुसली. आणि असं करत करत ती थेट ताण्याशेजारच्या खळीच्या घंगाळात शिरली. ताणा बायकांनी जिवावर उदार होऊन उचलून धरला म्हणून वाचला. घंगाळ मात्र आडवं झालं, दोन्ही पुढची चाकं खळीत न्हाली, आणि मामा ब्रेक दाबायच्या ऐवजी देवाचं नाव घेत आळीच्या टोकापर्यंत गेला. मोटार थांबली ती गणू लोहाराच्या दारात, भात्यापासून हातभर लांब. मागं वळून पाहिलं तर आळीत दोन पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघांची चाल म्हणजे ताडी पिऊन हातात हात घालून निघालेले दोन भाऊ.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट. नायना घरात गेला आणि माग चालू झाला. अम्मा खळ गोळा करायला वाकली. मामा मोटारीतून उतरला, आणि घराकडं चालायला लागला. मला माहीत होतं तो कुठं चाललाय. चटईवर. मी रस्त्यातच उभी राहून ओरडले, "मामा, खड्ड्यात पाय घातलास तर मी वरनं माती लोटीन!" सोळा वर्षांच्या पोरीनं मामाला असं बोलायचं नसतं. पण तो थांबला. वळला नाही, पण थांबला.

गणू लोहार बाहेर आला. मोटारीला भिऊन लांबूनच त्या पांढऱ्या रेघांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "पुढून किती आत धरलंया?"

"दोन सूत."

"दोन सुतानं आसं व्हायचं न्हाय. दाखीव बरं, दोन सूत."

मी कानामागं अडकवलेले दोन धागे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. गणूनं ते पाहिले. फुंकर मारली, ते उडाले. मग तो खाली बसला. मला वाटलं घेरी आली. पण तो हसत होता. जो माणूस वर्षातून दोनदा बोलायचा तो इतका हसला की भात्यावरची त्याची आई पुन्हा ओरडली, "आता कोन मेलं?"

"आगं ए साळ्याच्या पोरी," डोळे पुसत तो म्हणाला, "हे तुजं सूत झालं. आमचं सूत निराळं." आणि त्यानं लोखंडी फूटपट्टी आणून माझ्यासमोर धरली. "ह्यो एक इंच. ह्याचं आठ भाग. एक भाग, एक सूत. सुताराचं, गवंड्याचं, लोहाराचं, समद्यांचं सूत हेच. दोन सूत म्हंजी पाव इंच. तू तर चाकं निव्वळ सरळ ठेवलीस. सरळ ठेवली की ती पळताना भायेर फाकत्यात, पोरी शाळेतनं सुटल्यावानी."

मला तेव्हा दौलत मिस्त्रीचं तोंड आठवलं. "दोनच लाव, ज्यास्ती नको." त्याला त्याच क्षणी कळलं होतं मी काय समजले ते. एका शब्दानं सांगता आलं असतं. सांगितलं नाही, लाडवासारखा तो शब्द तोंडात धरून बसला. आयुष्यात मी पुष्कळ लोकांवर रागावले, त्यात दोन नवरेसुद्धा आले, पण त्या सकाळइतकी स्वच्छ रागावले नाही. मी गणूची पट्टी हिसकावून घेतली. टायरवर खडूची खूण केली, पुढच्या कडेचं माप घेतलं, चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी मोटार पुढं ढकलून तीच खूण मागं आणली, पुन्हा माप घेतलं. कारण टायर स्वतः वाकडा असला तर दोन ठिकाणची मापं फसवतात. हे मला कुणी शिकवलं नाही, रुळाला गाठ असली की आम्ही हेच करतो. मोटार मामानंच ढकलली. तो कधी परत आला ते मी पाहिलं नाही. पाव इंच धरलं, चकत्या आवळल्या, खीळ घातली, आणि कोंबडीकडं एकदा पाहून घेतलं.

आठव्या दिवशी पोलीस मैदान म्हणजे जत्रा. चुन्याची रेघ मारलेली. फौजदारसाहेब घोड्यावर, बाईसाहेब बग्गीत, पूर्ण चुडा भरून. दौलत मिस्त्री सावलीत उभा, पान्यांची पेटी बरोबर घेऊन; इंजिन तिथल्या तिथं काढायच्या तयारीनं आला होता. मी मामाच्या शेजारी बसले. एक शिपाई म्हणाला, "बाईमाणूस खाली." मी म्हणाले, "ही नसली तर मोटार एका अंगाला हलकी पडती, साहेब," जसं काही मी कुणा दुसरीबद्दलच बोलतेय. शिपायाला कळलं नाही, म्हणून त्यानं वाट सोडली. मोटार घोड्याच्या दुडक्या चालीनं निघाली. रेघेवर आल्यावर मामानं हात सोडले आणि, मी शपथेवर सांगते, दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मीही मिटणार होते, पण कुणीतरी बघायला पाहिजे. शंभर पावलं गेली, रेघ चाकाखाली होती. दीडशेला रेघ संपली. मोटार थांबली नाही, ती पुढं जात राहिली, फौजदारसाहेब घोडा दौडवत मागं ओरडत होते, आणि मामाचे डोळे मिटलेलेच. मीच हाताचा ब्रेक ओढला. मामाला वाटलं आपण मेलो. मैदानाच्या कुंपणापासून आम्ही तीन हातांवर होतो. आळीत मी एक हात सांगितलं.

परवाना तिथंच टेबल टाकून लिहिला. कारकुनानं विचारलं, "दुरुस्ती कुणाकडून करून घेतली?" मामानं माझ्याकडं बोट केलं आणि माझं नाव सांगितलं, नरसव्वा. कारकुनानं लिहिलं, शाई टिपली, फौजदारसाहेबांनी सही केली. सगळं झालं. मोटार सुटली, विहीर सुटली, मामाचा खड्डा सुटला. दौलत मिस्त्री पेटी उचलून निघाला होता, लोक मामाला खांद्यावर घेत होते. मी कागद वाचला. आळीत मराठी वाचता येणारी मी एकटी मुलगी होते, सात बुकं शिकलेली. रकान्यात लिहिलं होतं, "नरसप्पा मिस्त्री, भवानी पेठ."

मी कागद टेबलावर परत ठेवला. मामा लोकांच्या हातून सुटून मागून माझा पदर ओढायला लागला, "ऱ्हाऊ दे गं, नरसप्पा तर नरसप्पा, चल घरी, अम्मानं पोळ्या केल्यात." फौजदारसाहेब माझ्याकडं पाहत होते.

"नाव चुकलंय, साहेब," मी म्हणाले. "नरसप्पा कोन न्हाय. मी नरसव्वा. मोटार मी केलीय."

त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, बग्गीकडंही एकदा पाहिलं. मग लहान मुलाला समजवावं तसं सावकाश म्हणाले, "हे बघ मुली. सही झालेली आहे. नाव बदललं म्हणजे मिस्त्री बदलला. मिस्त्री बदलला म्हणजे मोटार पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागेल. आणि या खेपेला रेघ मी दुप्पट मारीन."

मामानं माझा पदर सोडला. मैदानावरचे लोक पुढं सरकले. दौलत मिस्त्री फाटकापाशी थांबून वळला होता.

"तपासा की," मी म्हणाले.